निनावी दिव्याचे कुलगोत्र

घासलेटच्या मेजदिव्यांचे युग कधीच सरले. तथापि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, मुंबईच्या मटन स्ट्रीटवरील चोरबाजारात आणि वडिलोपार्जित चीजवस्तूंच्या वाटणीच्या फर्दीत पितळी बैठकीचा, रंगीत काचेच्या टाकीचा आणि मुरडलेल्या कडेची हंडी मिरविणारा एखादा विलायती दिवा अद्यापही आढळतो. त्याच्या अंगावर कारखान्याचे नाव, गाव वा साल यांपैकी काहीच नसल्यामुळे त्याचा धनी एक तर त्याला मोडीच्या भावाने फुंकून टाकतो, नाही तर ‘व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला’ म्हणून त्याची किंमत लाखांत सांगू लागतो. कर्ता कळल्याखेरीज वस्तूची पारख होत नाही, ही समजूत या दोन्ही टोकांच्या मुळाशी आहे. चित्राच्या किंवा घड्याळाच्या बाबतीत ती काही अंशी ग्राह्य धरता येईल. दिवा मात्र बहुधा एका हातचा नसतोच. बैठक एका ओतकामाच्या कारखान्यातली, टाकी दुसऱ्या काचकारखान्यातली, बर्नर तिसऱ्याच शहरातला आणि हंडी विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे बसविलेली, अशी ती जुळणी असे. म्हणून निनावी दिव्याच्या कर्त्याची चौकशी मागाहून करावी. त्याचे अवयव एकमेकांचे समकालीन आहेत की नाहीत, याची खातरजमा आधी व्हावी.

त्या चौकशीत पहिली साक्ष बर्नरची काढावी, कारण बाकीचा दिवा मुका असला तरी वात वरखाली करण्याच्या चावीची लहानशी चकती पुष्कळदा बोलकी असते. भिंगाखाली धरून तिच्यावरचा मळ हलकेच काढला, की कारखान्याचे नाव, आद्याक्षरे किंवा निदान एखादे चिन्ह उमटून दिसते. बर्मिंगहॅमच्या हिंक्स यांच्या कारखान्याने १८६५ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या ‘डुप्लेक्स’ बर्नरात दोन चपट्या वाती समांतर जळत, आणि त्या दोन नळ्यांवरून तो अनभिज्ञालाही ओळखता येतो. बर्लिनच्या व्हिल्ड आणि वेसेल यांच्या ‘कॉस्मॉस’ बर्नरात रुंद चपटी वात वर जाताना वळून नळीत वर्तुळाकार होते. तिची ज्योत गोल असल्यामुळे तिच्यावरची काच कमरेशी आवळलेली लागते. त्याहून जुनी कल्पना आमी आर्गांची. १७८० च्या सुमारास त्याने पोकळ गोल वातीच्या मध्यातून हवा खेळविली आणि प्रकाश कितीतरी पटींनी वाढविला. परंतु ते दिवे वनस्पतिजन्य वा प्राणिज तेलाचे. खनिज तेलाचा दिवा १८५३ मध्ये इग्नात्सी वुकासिएविच याने ल्वुव शहरात पेटविला, त्याअर्थी मुळापासून घासलेटसाठी घडविलेला कोणताही दिवा त्याहून जुना असल्याचा दावा बेलाशक फेटाळावा. मात्र पूर्वीच्या तेलाच्या दिव्यांना मागाहून घासलेटचे बर्नर बसविण्याचा प्रघात होता, आणि आटे जुळले की बर्नर बदलणे हे दिव्यातले सर्वांत सोपे काम. तेव्हा चावीवरचे नाव हा केवळ बर्नरचा दाखला समजावा, दिव्याचा नव्हे.

दिव्याचा खरा दस्तऐवज टाकीच्या गळ्याशी सापडतो. तेथे काचेवर पितळेची कडी प्लॅस्टरने बसविलेली असते. ते प्लॅस्टर जुने, पिवळसर, तेल मुरलेले आणि कडेने भेगाळलेले असेल तर टाकी व कडी यांचा सहवास दीर्घ काळचा असल्याचे मानण्यास जागा आहे. पांढरेशुभ्र असेल तर मध्यंतरी कोणीतरी हात घातला आहे. काचेकडे पाहावे ते प्रकाशासमोर धरून. फुंकलेल्या काचेच्या तळाशी सळई तोडल्याचा व्रण किंवा तो घासून गुळगुळीत केलेली खळगी असते, तर साच्यात दाबून काढलेल्या काचेवर जोडाची बारीक शीर उभी धावते. उंची गुलाबी-लाल काचेत सोन्याचे क्षार घालीत. पिवळसर हिरव्या काचेतील युरेनियम अतिनील दिव्याखाली हिरवे लखलखते. हे लखलखणे विक्रेते मोठ्या कौतुकाने दाखवितात, परंतु तशी काच अलीकडेही बनते, त्यामुळे त्यावरून घटक कळतो, वय कळत नाही. हंडीवरची फुले हाताने रंगविलेली की छापील, हे भिंग सांगते: छपाईत ठिपक्यांची शिस्त दिसते, हाताच्या कामात कुंचल्याचे ओघळ.

धातूविषयी थोडक्यात इतकेच, की तळाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर बारीक ओरखडा काढावा. आत पिवळे निघाले तर पितळ. करडे निघाले आणि लोहचुंबक चिकटला नाही तर बहुधा जस्ताचे ओतकाम, ज्याला वरून कांस्याचा रंग दिलेला असतो. चिंच-राखेने घासून बैठक लखलखीत करण्याचा आपल्या घरांतला उत्साह मात्र दिव्याच्या मुळावर येतो, कारण शतकभराची झिलई गेली की मूल्यही तिच्याबरोबर जाते.

नाव नसल्याचे दुःख करणाऱ्यांनी नाव असलेल्या दिव्यांची अवस्था पाहावी. नान्सीचा काचकार एमिल गाले याचे निधन १९०४ मध्ये झाले, पण त्याचा कारखाना पुढे कित्येक वर्षे त्याच्याच नावाने चालला. आज रुमानियात होणाऱ्या अनुकृतींवर नावाशेजारी ‘टिप’ असा शब्द असतो, जो लबाड मध्यस्थ घासून काढतात. लुई कम्फर्ट टिफनीच्या नावाने जगभर गाजलेल्या कितीतरी काचदिव्यांच्या रचना क्लारा ड्रिस्कॉल आणि तिच्या हाताखालच्या स्त्रियांच्या होत्या, हे तिच्या पत्रांवरून जगासमोर आले ते एकविसाव्या शतकात. माझ्या मते सही नसलेला सचोटीचा दिवा खोट्या सहीच्या दिव्याहून केव्हाही श्रेष्ठ.

किंमत ठरविताना प्रथम टाकी व बैठक पालथी करून पाहावी. वीज आल्यावर तार नेण्यासाठी काचेला पाडलेले भोक हे दिव्याचे सर्वांत मोठे नुकसान. टाकीला धक्का न लावता, बर्नरच्या जागी वरून नुसता विजेचा होल्डर बसविला असेल तर तो काढता येतो आणि नुकसान क्षुल्लक राहते. हंडीच्या काठाचा टवका उडाला आहे काय, तिचे बूड बर्नरवरच्या कड्यात नीट बसते की डळमळते, हेही पाहावे. न बसणारी हंडी परकी. मागाहून बदललेल्या हंडीचा दिवा शोभेला कमी नसतो, पण अस्सल जोडीच्या मानाने त्याचा भाव पुष्कळच उतरतो. शिवाय भाव एक नसतो. विम्यासाठी धरावयाची रक्कम म्हणजे तसाच दिवा दुकानातून पुन्हा घेण्यास लागणारा खर्च. लिलावातील रक्कम त्याहून कमी. आणि दुकानदार तुम्हांस रोख देईल ती त्याहूनही कमी, कारण त्यात त्याचे भाडे व नफा निघावयाचा असतो. तुलनेसाठी लिलावात प्रत्यक्ष तुटलेला भाव पाहावा, विक्रेत्याने सांगितलेला नव्हे.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना असा दिवा पाठविण्याचा विचार असेल, तर १९७२ चा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायदा आधी लक्षात घ्यावा. शंभर वर्षे पूर्ण झालेली कलात्मक वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची खाजगी निर्यात निषिद्ध आहे. दिव्याचे वय या मर्यादेच्या आसपास असेल, तर सामानात बांधण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळवावा.