ऊब वेगळी, पेप्टाइड वेगळं

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करताना मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बायकांचे हात रात्रीपर्यंत भगभगतात. विस्तवाचा संबंध नसताना ही आग येते कुठून? मिरचीतलं कॅप्सेसिन त्वचेतल्या मज्जातंतूंवरच्या ‘टीआरपीव्ही-1’ या ग्राहीला चिकटतं आणि मेंदूकडे चटका बसल्याचा निरोप जातो. सुमारे 43 अंश सेल्सियसच्या पुढच्या खऱ्या उष्णतेनेही हीच ग्राही जागी होते. ती 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ओळखली. 2021 च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता.

ओठ भरदार दिसावेत म्हणून लावायच्या ग्लॉसमध्ये किंवा ‘ऊब देणाऱ्या’ क्रीममध्ये मिरचीचा अर्क किंवा व्हॅनिलिल ब्युटाइल इथर असतं, ते हीच ग्राही चेतवण्यासाठी. काही मास्क मात्र खरोखर तापतात. त्यातलं कोरडं झिओलाइट ओल्या चेहऱ्यावरचं पाणी शोषताना उष्णता बाहेर टाकतं.

मग अशा प्रसाधनांतलं पेप्टाइड काय करतं? पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. निसर्गात आग लावणारी पेप्टाइडंही आहेत: वेस्ट इंडीजमधल्या एका टॅरंटुला कोळ्याच्या विषातली पेप्टाइडं हीच ग्राही चेतवतात, असं 2006 मध्ये दिसून आलं. सौंदर्यप्रसाधनांतल्या नेहमीच्या पेप्टाइडांचं काम निराळं. पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड कोलॅजन वाढावं म्हणून घालतात. त्वचेत शिरता यावं यासाठी त्याला स्निग्धाम्लाची शेपटी जोडलेली असते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 93 स्त्रियांनी बारा आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला ते असलेलं आणि दुसऱ्या बाजूला ते नसलेलं क्रीम लावलं. पेप्टाइडच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या थोड्या कमी झाल्या, त्वचेला त्रासही झाला नाही. चाचणी उत्पादक कंपनीच्याच शास्त्रज्ञांची होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्या परिणामासाठी ऊब लागली नव्हती, हेही तितकंच महत्त्वाचं.

म्हणून चेहरा तापला म्हणजे क्रीम ‘लागू पडलं’ असं समजणं चुकीचं आहे. हलकी ऊब बहुतेकांना सोसते. रोझेशिया, इसब किंवा नुकतंच सोलपटलेलं कातडं असेल, तर तीच ऊब दाह वाढवू शकते. अशांनी ही प्रसाधनं टाळलेली बरी. दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या मलमांबाबत तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये इशारा दिला होता: मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट किंवा कॅप्सेसिन असलेल्या मलमांनी क्वचित कातडी भाजल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

नवी बाटली आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस थांबावं. डोळ्यांजवळ लावू नये, आणि वरून गरम पाण्याची पिशवी तर मुळीच ठेवू नये. झोंबणं वाढत गेलं, तर साबणाने आणि गार पाण्याने धुऊन टाकावं. फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना बाटलीही सोबत न्यावी, म्हणजे घटकांची यादी त्यांना पाहता येते.