तीन पायांचा घोडा

मांजरसुंब्याहून सोलापूरकडं निघालं की महामार्गावर चौसाळा लागतं. शिवजयंती जवळ आली की इथल्या मंडळांची आम्हा लेझरवाल्यांकडं मागणी ठरलेली: "महाराजांचा घोडा पळताना दाखवा." घोडा कुठल्यातरी हौशी पोरानं कॉम्प्युटरवर करून ठेवलेला असतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेला, आयाळ उडणारा, खुराखाली धूळ. फाइल पेनड्राइव्हवर दिली की काम झालं, असा त्याचा समज.

शाळेच्या भिंतीवर पहिली चाचणी घेतली की मच्छरदाणीत अडकलेलं काहीतरी थरथरताना दिसतं.

"दादा, कामून थरथरायलंय?"

कारण लेझरला चित्र कळतच नाही. पेटीत एक किरण असतो आणि दोन चिमुकले आरसे. एक आरसा किरण आडवा फिरवतो, दुसरा उभा. या जोडीला आम्ही गॅल्व्हो म्हणतो. किरण ठिपक्यावरून ठिपक्यावर पळतो आणि आपल्या डोळ्याला त्याची रेघ दिसते. बरा गॅल्व्हो सेकंदाला ३०,००० ठिपके मारतो. चित्र हलतंय असं वाटायला सेकंदाला २५ चित्रं धरली तर एका चित्राच्या वाट्याला आले १,२००. त्यातही आरशाला वजन असतं, कोपऱ्यावर तो झटकन वळत नाही, म्हणून तिथं चार-पाच ठिपके एकावर एक ठेवावे लागतात. एक रेघ संपवून दुसरीकडं जाताना किरण विझवून उडी मारायची, तिला ब्लँकिंग म्हणतात. ती उडीही याच हिशेबात. पोराच्या घोड्याला मात्र हजारो रेघा. ठिपके वाढवले की चित्र लुकलुकणार, हे ठरलेलंच.

यावर सॉफ्टवेअर आहे, आणि जुनं आहे. अमेरिकेत विल्यम बेनर यांनी १९८६ मध्ये पँगोलिन कंपनी काढली. तिनं पुढं थ्रीडी स्टुडिओ मॅक्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरसाठी 'लेझरशो कन्व्हर्टर' आणलं. ते ॲनिमेशनमधल्या मागच्या, झाकलेल्या रेघा काढून टाकतं आणि कडा तेवढ्या ठेवतं. हे काम फार मोठं आहे, हातानं करणाऱ्यालाच त्याची किंमत कळते. पण खोगिराची शिवण आणि महाराजांचं नाक यांत महत्त्वाचं काय, हे त्याला कोण सांगणार? आमचा नियम असा: जिरेटोप, नाक आणि दाढी यांवर ठिपके उधळायचे, बाकी सगळीकडं कंजुषी. धावत्या घोड्याला तर आम्ही तीनच पाय ठेवतो. पलीकडचा मागचा पाय उडवला की बरेच ठिपके वाचतात. आजवर एकाही मावळ्यानं पाय मोजलेले नाहीत.

अक्षरांची गोष्ट वेगळी. 'जय शिवराय' साध्या फाँटात टाकलं तर प्रत्येक अक्षर पोकळ येतं, कारण फाँटात अक्षराची बाहेरची कड असते, म्हणजे एका रेघेच्या जागी दोन. म्हणून एकेरी रेघेची अक्षरं हातानं गिरवावी लागतात. शिरोरेखा एका दमात ओढता येते, पण तिच्याखाली लोंबणाऱ्या प्रत्येक अक्षरासाठी उडी आलीच, आणि वरच्या वेलांटीसाठी आणखी एक. इंग्रजीवाल्यांना शिरोरेखा-वेलांटीची कटकट नाही, त्यांचा मला हेवा वाटतो.

चित्रापेक्षा डोळे महत्त्वाचे. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशकात काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला लेझरनं इजा झाल्याचं समोर आलं. पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदी घातली. बरोबरच केलं. गर्दीवर किरण सोडणं हा शो नव्हेच. भिंतीवरचं चित्रसुद्धा डोक्यांच्या बरंच वर ठेवावं लागतं, कारण दोन्ही आरसे मध्येच अडकले तर अख्ख्या चित्राची ताकद एका ठिपक्यात येते.

स्वस्त पेट्यांची गंमत निराळी. त्यांच्या मेमरी कार्डात परदेशी सणांची चित्रं आयतीच भरून येतात. एका मंडळाची अशी पेटी ऐन आरतीच्या वेळी आपोआप चालू झाली आणि बाप्पाच्या मागच्या भिंतीवर सांताक्लॉज नाचायला लागला. कार्यकर्ते माझ्याकडं पळत आले. पेटी बंद करायला ते तयार नव्हते, भाडं भरलं होतं ना! मग लॅपटॉपवर ती फाइल उघडली, टोपीचा गोंडा उडवला, पाठीवरचं गाठोडं पुसलं, दाढी राहू दिली. वाचलेल्या ठिपक्यांत कपाळावर आडवे तीन पट्टे बसले. एका आजीनं चप्पल काढून हात जोडले आणि शेजारच्या पोराला विचारलं, "हे कोणते महाराज रं?"

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी डीजेवाल्याला पुढचं गाणं लावायची खूण केली.