कलकत्ता विद्यापीठाचे कारभारी

घरांतील मुलगा किंवा मुलगी बारावी उत्तीर्ण झाली म्हणजे कोणता विषय घ्यावा, कोणत्या महाविद्यालयांत नांव घालावें, वसतिगृहाची सोय कशी आहे आणि एकंदर खर्च किती येईल, याची चर्चा चार दिवस तरी चालते. काका एक सांगतात, मामा दुसरें सांगतात, आणि आजोबा आपल्या वेळची हकीकत सांगून दोघांसही गप्प करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें या चर्चेंत, पदवी तीन वर्षांची कीं चार वर्षांची, या आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे. परंतु हा अभ्यासक्रम कोणीं आंखला, तो शिकविणाऱ्यांचा पगार कोठून निघतो, आणि कुलगुरूंनीं तो मनापासून पुरस्कारिला कीं वरून आला म्हणून स्वीकारला, ही विचारपूस आपल्या घरांत क्वचितच होते. कुलगुरूंचें नांव पुष्कळांस ठाऊक होतें तें पदवीच्या कागदावरील सहीवरून! वास्तविक मुलांच्या शिक्षणाचें बरेंवाईट ज्या गोष्टींवर अवलंबून असतें त्यांत ही गोष्ट लहान नव्हे. ती किती मोठी आहे हें पाहावयाचें असल्यास सर आशुतोष मुकर्जी यांनीं कलकत्ता विद्यापीठांत काय केलें, आणि तें त्यांस व इतरांस किती महाग पडलें, हें पाहावें.

१८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें जीं तीन विद्यापीठें निघालीं तीं त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविण्याचें काम महाविद्यालयांचें. विद्यापीठानें अभ्यासक्रम नेमावा, परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी. त्यास स्वतःचा अध्यापकवर्ग जवळजवळ नव्हता, प्रयोगशाळा तर नव्हतीच. एम्. ए. झालेल्या हुशार मुलास पुढें संशोधन करावयाचें असेल तर विलायतेची वाट धरावी लागे. आणि तो खर्च म्हणजे एका भावाच्या शिक्षणासाठीं साऱ्या घरानें वर्षानुवर्षें हात आंखडून राहाणें. समुद्रप्रवासाच्या निषेधाचें लचांड असे तें वेगळेंच.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत, १९०४ सालीं, विद्यापीठांचा नवा कायदा झाला. सेनेटांतील बहुतेक सभासद सरकारनें नेमावयाचे व महाविद्यालयांवरील देखरेख कडक करावयाची, असा त्याचा रोख होता. आणि गोपाळराव गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत त्यास कसून विरोध केला. तो विरोध योग्यच होता. पण त्याच कायद्यानें विद्यापीठांस स्वतः प्राध्यापक नेमण्याची, प्रयोगशाळा व ग्रंथालयें चालविण्याची आणि शिक्षण देण्याची मुभाही दिली होती. मुंबईस त्या मुभेचा उपयोग फार सावकाश झाला. समाजशास्त्राचें विद्यापीठाचें स्वतःचें खातें तेथें निघालें तें १९१९ मध्यें. कलकत्त्यास मात्र त्या कलमाचा अर्थ पुरता ओळखणारा गृहस्थ १९०६ मध्येंच कुलगुरूच्या जागीं येऊन बसला.

आशुतोषांचा जन्म १८६४ चा, कलकत्त्याच्या एका डॉक्टरांच्या घरचा. गणितांत व पदार्थविज्ञानांत ते एम्. ए. झाले आणि प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या पैशानें उभा राहिला त्याच शेटजींच्या देणगींतून ही शिष्यवृत्ति निघालेली, हें मुंबईकर वाचकांस सांगितलें तर गैर होणार नाहीं. गणितावरील त्यांचे स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाले, परंतु चरितार्थासाठीं त्यांनीं वकिली पत्करली आणि १९०४ सालीं ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. कुलगुरूचें पद तेव्हां बिनपगारी असे. दिवसा न्यायासनावर बसावें आणि उरलेल्या वेळांत विद्यापीठाचे कागद हातावेगळे करावे, असा त्यांचा क्रम १९०६ पासून १९१४ पर्यंत सलग आठ वर्षें चालला. कर्झनसाहेबांनीं विलायतेस जाण्याचा आग्रह केला असतां आईची संमति नाहीं म्हणून त्यांनीं तो मोडला, अशी एक आख्यायिका सांगतात. मातृभक्तीची ही गोष्ट सांगणारे पुष्कळदां दुसरी गोष्ट गाळतात ती अशी कीं, याच गृहस्थानें आपल्या बालविधवा कन्येचा, कमलेचा, १९०८ सालीं पुनर्विवाह करून दिला. आपल्याकडे धोंडो केशव कर्वे यांचा विधवाविवाह १८९३ मधला व त्यावरून उठलेलें वादळ सर्वश्रुत आहे. त्यावरून बंगालच्या कुलीन ब्राह्मण समाजांत हें करण्यास काय छाती लागली असेल तें ताडावें.

नवे विषय काढावयाचे तर प्रथम पैसा हवा. सरकार हात आंखडतें असें पाहून आशुतोष वकीलमंडळींकडे वळले. १९१२ सालीं सर तारकनाथ पालित यांनीं जमीन व रोकड मिळून लाखों रुपयांची मालमत्ता विद्यापीठाच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षीं डॉ. रासबिहारी घोष यांनीं दहा लाख रुपये दिले. दोघांचीही अट एकच होती: या पैशांतून निर्माण होणाऱ्या प्राध्यापकपदांवर हिंदी माणसेंच नेमावीं. विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली ती २७ मार्च १९१४ रोजीं, म्हणजे आशुतोषांची कुलगुरूपदाची मुदत संपण्यास अवघे चार दिवस उरले असतां.

माणसें निवडण्यांत त्यांची दृष्टि मोठी तीक्ष्ण होती. सरकारी हिशेबखात्यांत उत्तम पगारावर असलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांस त्यांनीं कमी पगाराच्या पालित प्राध्यापकपदावर ओढून आणलें. परदेशांत शिकून येण्याची अट रामन यांस मान्य नव्हती, ती त्यांच्यापुरती बाजूस ठेवण्यांत आली. आणि १९१७ पासून ते विद्यापीठाचे झाले. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे नुकतेच एम्. एस्सी. झालेले तरुण अध्यापक म्हणून घेतले. त्या दोघांनीं सापेक्षतावादावरील आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांचे जर्मन निबंध इंग्रजींत उतरविले, ते विद्यापीठानेंच १९२० मध्यें छापले. तत्त्वज्ञानासाठीं म्हैसूरहून राधाकृष्णन् आले. प्राचीन भारताच्या इतिहासाचें कार्मायकेल प्राध्यापकपद १९१७ सालीं देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांस मिळालें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे स्वतः मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होऊन गेलेले. त्यांच्या चिरंजीवांस अध्यापनासाठीं कलकत्त्यास जावें लागलें, याचा अर्थ उघड आहे. तें खातें तेथें होतें, येथें नव्हतें.

याच १९१७ सालीं सर्वांत मोठा फेरफार झाला. कलकत्ता शहरांतील एम्. ए. व एम्. एस्सी. चें शिक्षण निरनिराळ्या महाविद्यालयांकडून काढून विद्यापीठानें आपल्या हातीं एकवटलें. महाविद्यालयांतील निवडक अध्यापक त्यांत घेतले, परंतु वर्ग विद्यापीठाचे झाले. प्रेसिडेन्सीसारख्या जुन्या संस्थेस हें रुचणें शक्यच नव्हतें. वरचे वर्ग गेले म्हणजे महाविद्यालयाची प्रतिष्ठा गेली, अशी तक्रार झाली व ती अगदींच पोकळ नव्हती. या वेळीं आशुतोष कुलगुरु नव्हते. पदव्युत्तर शिक्षणाच्या मंडळांचें अध्यक्षपद मात्र त्यांजकडे होतें आणि सूत्रें तेथूनच हालत. प्रायोगिक मानसशास्त्र, तौलनिक भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, पाली, तिबेटी असे विषय एकामागून एक आले. १९१९ सालीं देशी भाषा हा एम्. ए. चा विषय झाला, व मुख्य भाषेच्या जोडीला दुसरी एक भारतीय भाषाही शिकण्याची त्यांत योजना होती. १८९१ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, देशी भाषांस परीक्षांत स्थान द्यावें असा ठराव आशुतोषांनीं सेनेटपुढें मांडला होता. तो त्या वेळीं फेटाळला गेला होता.

१९१७ ते १९१९ या काळांत मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालीं जो आयोग बसला त्यांतही आशुतोष सभासद होते. इंटरमीजिएटचे वर्ग विद्यापीठापासून तोडावे, त्यानंतर पदवी तीन वर्षांची करावी, कुलगुरु पूर्ण वेळेचा व पगारी असावा, अशा शिफारशी त्या आयोगानें केल्या. आज आपण जिला जुनी तीन वर्षांची पदवी म्हणतों ती कोणे एके काळीं नवी सुधारणा होती, हें घरांतील चर्चेच्या वेळीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां दुसरी बाजू. देणगीचा पैसा बांधलेला असतो. ज्या पदासाठीं दिला त्याच पदास तो लागतो. बाकीच्या खात्यांचा खर्च मुख्यतः परीक्षांच्या फीवर चाले. मॅट्रिकला हजारों मुलें बसत. जितकीं अधिक उत्तीर्ण होत तितकीं पुढच्या परीक्षेस बसत आणि तितकी फी जमे. म्हणजे पूर्व बंगालच्या एखाद्या खेड्यांतील गुमास्त्यानें मुलासाठीं काटकसरीनें भरलेल्या फीवर कलकत्त्यांतील तिबेटीचा वर्ग चालावयाचा! उत्पन्न वाढावें म्हणून परीक्षा सोप्या केल्या, विद्यार्थी मोजके व अध्यापक फार असे विषय काढले, आणि सारी सत्ता एका माणसाच्या मुठींत गेली, असे आक्षेप टीकाकारांनीं घेतले. त्यांत इतिहासकार जदुनाथ सरकार अग्रभागीं होते. मराठेशाहीच्या अभ्यासामुळें आपणांस चांगलेच परिचित असलेले हे गृहस्थ उगाच कोणावर तुटून पडणारे नव्हत. आमच्या मतें सत्ता एकवटल्याचा आरोप खरा आहे. हिशेबाच्या बाबतींत आशुतोषांनीं उद्यांच्या आशेवर आजचा खर्च केला, हेंही खरें. पण नवीन विषयास विद्यार्थी येईपर्यंत थांबावयाचें म्हटलें तर तो विषय कधींच निघत नाहीं. विद्यार्थी यावयास वर्ग आधीं असावा लागतो. मानसशास्त्राचें खातें १९१६ मध्यें निघालें तेव्हां हिंदुस्थानांत त्याची मागणी कोण करीत होतें?

असहकारितेच्या चळवळींत, १९२०-२१ मध्यें, मुलांनीं परीक्षांवर बहिष्कार घातला आणि फीचें उत्पन्न आटलें. १९२१ सालीं आशुतोष पुन्हां कुलगुरु झाले ते या तुटीचे धनी होऊन. अध्यापकांचे पगार महिनोगणती थकले. ज्या अध्यापकांनीं त्यांच्या शब्दावर सुरक्षित नोकऱ्या सोडल्या होत्या त्यांच्या घरीं वाण्याचें देणें कसें भागलें असेल, याचा उल्लेख चरित्रग्रंथांत ओझरताच असतो. परंतु या प्रकरणाचा खरा भार त्या घरांतील गृहिणींनीं वाहिला. अशा वेळीं बंगाल सरकारनें अडीच लाख रुपये देऊं केले, पण हिशेबावर सरकारी नजर व नवीन विस्तारास बंदी अशा अटींसह. डिसेंबर १९२२ मध्यें आशुतोषांनीं सेनेटांत त्या अटींविरुद्ध घणाघाती भाषण केलें. स्वातंत्र्य गमावून मिळणारा पैसा नको, त्यापेक्षां अध्यापक उपाशी राहतील, असा त्याचा आशय होता. सेनेटनें अटी नाकारल्या.

मार्च १९२३ मध्यें गव्हर्नर व कुलपति लॉर्ड लिटन यांनीं त्यांस लिहिलें कीं, सरकारला विरोध सोडून सहकार्य करण्याची हमी द्याल तर तुम्हांस पुन्हां कुलगुरु नेमतां येईल. आशुतोषांनीं उलट टपालीं अत्यंत तिखट शब्दांत नकार कळविला व पद सोडलें. त्याच वर्षाअखेर ते न्यायासनावरूनही निवृत्त झाले, आणि एका मोठ्या खटल्यासाठीं पाटण्यास गेले असतां २५ मे १९२४ रोजीं तेथेंच वारले. कमला त्यांच्या आधींच गेली होती. तिच्या नांवानें त्यांनीं विद्यापीठांत व्याख्यानमाला स्थापिली आहे.

१९२६ सालीं कुलगुरु झाले ते खुद्द जदुनाथ सरकार. पदव्युत्तर खातीं त्यांच्याही कारकीर्दींत चालूच राहिलीं. रामन यांस १९३० चें नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां ते पालित प्राध्यापकच होते, आणि देवदत्तपंत भांडारकर १९३६ पर्यंत आपल्या पदावर राहिले. १९३४ मध्यें आशुतोषांचे चिरंजीव श्यामाप्रसाद कुलगुरु झाले. त्यांच्या कारकीर्दींत, १९३७ च्या पदवीदान समारंभास, रवींद्रनाथ ठाकुर यांस बोलाविलें होतें. त्यांनीं आपलें भाषण बंगालींत केलें.