खोपा विणतो नर, पसंत करते मादी

मृगाचा पाऊस होऊन बांध हिरवे झाले, की जुन्नर-आंबेगावच्या शिवारात विहिरीवर ओणवलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकू लागतात. पश्चिमेला भाताची खाचरे, पूर्वेला ऊस-बाजरी. विणायला लागणारी हिरवी पाती इथे सगळीकडेच आहेत.

बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा घरोघरी पोचला. पण गंमत अशी, की हे विणकाम मुख्यतः नराचे. एरवी चिमणीसारखा मातकट दिसणारा हा पक्षी विणीच्या दिवसांत डोक्यावर पिवळाधमक होतो. भाताच्या किंवा उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडायची, पट्टी सोलायची, ती फांदीला गुंडाळून गाठवायची. अशा शेकडो खेपा तो घालतो.

खोपा उपड्या टोपीएवढा झाला, की तो थांबतो. आता पाहणीची वेळ! माद्या आल्या की सारे नर आपापल्या खोप्याला लटकून पंख फडफडवतात, एकच कलकलाट करतात. मुलीकडच्यांनी घर पाहायला यावे तशी मादी आत शिरून वीण पारखते. पसंत पडले तर जोडी जमते. मग नर लांब नळीचे दार विणून खोपा पुरा करतो. नापसंत खोपे अर्धवटच लोंबत राहतात.

पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे हे बारकाईने पाहिले. मादी अंड्यांवर बसली, की नर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी बोलावतो. एका हंगामात त्याचे दोन-तीन संसार होतात. दोन ते चार पांढरी अंडी सुमारे दोन आठवडे उबवते ती एकटी मादीच.

सगळ्याच पक्ष्यांची रीत अशी नसते. थंडीत आपल्याकडील जलाशयांवर मासे पकडणारा एक मोठा शिकारी पक्षी पाहुणा येतो. त्याची वीण दूर उत्तरेत होते. त्यांचे नर-मादी बहुधा दरवर्षी जुन्याच घरट्यावर परततात आणि नर मादीला मासे आणून भरवतो.

कणसांवर सुगरणींचा थवा उतरला, की शेतकऱ्याला राग येतो, तो खोटा नाही. पण याच पक्ष्यांची पिले नाकतोड्यांवर आणि अळ्यांवर वाढतात, हेही हिशेबात धरावे.

विहिरीवरची काटेरी फांदी त्यांनी उगीच निवडलेली नसते. खाली पाणी आणि भोवती काटे असले, की शत्रूला तिथवर पोचणे अवघड जाते. म्हणून बाभूळ छाटायची झाली, तर पिले उडून जाईपर्यंत, दिवाळीपर्यंत थांबावे. मुलांनीही शोभेसाठी भरला खोपा तोडू नये. श्रावण-भाद्रपदात तोडलेल्या खोप्याबरोबर एका आईची सारी पिले जातात.