ट्रायकोकार्ड : अळी जन्मण्यापूर्वीचा बंदोबस्त

पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर डिंकाच्या पातळ थराने चिकटवलेली सुमारे १८ ते २० हजार सूक्ष्म अंडी, असे ट्रायकोकार्डाचे बाह्य स्वरूप असते. ही अंडी एका पतंगाची असली, तरी त्यांतून पतंगाची अळी बाहेर पडत नाही. प्रत्येक अंड्याच्या आत ट्रायकोग्रामा नावाचा परोपजीवी कीटक, म्हणजे दुसऱ्या जिवावर पोसला जाणारा कीटक, वाढत असतो आणि पूर्ण वाढ झाल्यावर तो शेतात उडून पिकाच्या शत्रूची अंडी शोधू लागतो. महाराष्ट्रात ऊस, कापूस, मका व भाजीपाल्याच्या पिकांत या कार्डाची शिफारस होत असली, तरी ते बाटलीतल्या औषधाप्रमाणे केव्हाही काढून वापरता येत नाही. ते जिवंत निविष्ठा आहे, त्याला मुदत आहे आणि ती मुदत किडीच्या वेळेशी जुळली तरच त्याचा उपयोग होतो. म्हणूनच ट्रायकोकार्डाचे यश कार्डाच्या गुणवत्तेइतकेच शेतकरी, प्रयोगशाळा आणि शिवार यांनी मिळून पाळलेल्या वेळेवर ठरते.

अंडी, अळी, कोष आणि पतंग या चार अवस्थांपैकी पिकाचे नुकसान केवळ अळी करते, आणि बहुतेक फवारण्याही अळी डोळ्यांना दिसल्यावरच होतात. खोड किंवा बोंड पोखरणाऱ्या किडींच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असतो. उसावरील खोडकिडीची मादी पानाच्या खालच्या बाजूस चपटी, एकमेकांवर चढलेली अंडी ओळींमध्ये घालते. चार ते सहा दिवसांत अळी बाहेर पडते, पानावरून उतरून जमिनीलगतच्या कोवळ्या खोडात शिरते आणि वाढीचा कोंब खाऊन टाकते. त्यानंतर मधला पोंगा वाळतो, हाताने ओढताच सहज उपटून येतो आणि त्याच्या बुडाला कुजका वास येतो. यालाच पोंगा मर म्हणतात. खोडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी गेलेला कोंब परत येत नाही. अंडी मात्र पानावर उघडी असतात, आणि त्या चार-सहा दिवसांच्या अवकाशातच ट्रायकोग्रामाचे काम चालते.

मधमाशी, मुंगी आणि गांधीलमाशी ज्या गणात मोडतात, त्याच गणातील हा कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा असतो. पतंगाचे अंडे सापडताच मादी त्यावर चढते, मिशांनी ते ठोकत ठोकत त्याच्यावरून फिरते आणि या फिरण्यातूनच अंड्याच्या आकाराचा अंदाज घेते. अंडे पसंत पडले, की ती पोटाच्या टोकाशी असलेली अंडनलिका त्याच्या कवचातून आत रोवते आणि आपली अंडी घालते. यजमान अंडे लहान असेल तर एकच, मोठे असेल तर अधिक. फलित अंड्यांतून माद्या व अफलित अंड्यांतून नर निपजतात. आत वाढणारी पिल्ले यजमान अंड्यातील द्रव्यावर पोसली जातात, तीन-चार दिवसांत अंडे काळे पडते आणि साधारण आठवडाभरानंतर कवचाला गोल भोक पाडून प्रौढ कीटक बाहेर येतो. पांढुरक्या अंड्यांतून निवडून काढता येणारी ही काळी अंडी परोपजीवीकरणाची, म्हणजे अंड्यात मित्रकीटक वाढत असल्याची, सर्वांत सोपी खूण होय.

हा कीटक मोठ्या प्रमाणावर वाढवता येतो, हे १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्टॅन्ली फ्लँडर्स यांनी साठवणीतील धान्यावरील पतंगाची अंडी वापरून दाखवून दिले. चीनमध्ये रेशीम देणाऱ्या ओकवरील पतंगाच्या मोठ्या अंड्यांवर त्याची पैदास होऊ लागली. भारतात तांदूळ, ज्वारी व भरड धान्यांत पडणाऱ्या कॉर्सेरा या पतंगाची अंडी सोयीची ठरली, कारण तो स्वस्त धान्यावर बंद पेटीत वर्षभर वाढवता येतो. १९७७ साली जैविक कीड नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला; पुण्याचे कृषी महाविद्यालय त्याचे एक केंद्र आहे. बंगळुरूच्या प्रकल्प संचालनालयाचे, आजच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोचे, काम या विषयात पायाभूत मानले जाते. निरनिराळ्या पिकांसाठी निरनिराळ्या जाती निश्चित झाल्या त्या अशाच कामातून : उसासाठी व कापसासाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस, तर भातासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम.

कार्ड तयार करण्याची प्रक्रिया समजावून घेतल्यास त्यामागची शिस्त लक्षात येते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पेटीत भरडलेली ज्वारी वा बाजरी, थोडा शेंगदाण्याचा चुरा, यीस्ट आणि कोळ्यांचा उपद्रव टाळण्यासाठी किंचित गंधक मिसळून त्यावर कॉर्सेराची अंडी पसरतात. सुमारे चाळीस दिवसांनी पतंग निघू लागतात. ते गोळा करून जाळीच्या तळाच्या भांड्यात ठेवले, की त्यांची अंडी जाळीतून खाली पडतात. पतंगांच्या पंखांवरील खवले हवेत उडून श्वसनाचा त्रास होत असल्याने हे काम तोंडाला मुखपट्टी बांधूनच करावे लागते. चाळून स्वच्छ केलेली अंडी अतिनील प्रकाशाखाली ठेवून त्यांतील भ्रूण मारतात, कारण एखादे अंडे परोपजीवीकरणातून सुटून त्यातून अळी निघाली, तर ती शेजारची अंडी खाऊन कार्ड निकामी करते. त्यानंतर ही अंडी डिंक लावलेल्या कार्डावर भुरभुरवतात आणि सहा नव्या कार्डांमागे ट्रायकोग्रामा निघण्याच्या बेतात असलेले एक जुने कार्ड, या प्रमाणात ती एकत्र बंद करतात. पुढच्या तीन-चार दिवसांत कार्ड काळे होते. या अवस्थेत ते सुमारे दहा अंश तापमानात काही दिवस थोपवून धरता येते, अधिक काळ नाही.

शेतातील वापराची पद्धत साधी आहे, पण तिच्यातील प्रत्येक अटीला कारण आहे. उसाच्या खोडकिडीसाठी दर हेक्टरी सुमारे ५० हजार कीटक, दर आठ-दहा दिवसांनी, हंगामात चार ते पाच वेळा सोडण्याची शिफारस आढळते. या हिशेबाने दोन एकरांच्या उसाला एका वेळी साधारण दोन कार्डे पुरतात. हा कीटक फार लांब उडत नसल्याने कार्डाच्या पट्ट्या कापून त्या शेतभर सारख्या अंतरावर पानांच्या खालच्या बाजूस टाचाव्या लागतात. कडक ऊन व पाऊस टाळण्यासाठी हे काम सायंकाळी किंवा भल्या पहाटे करतात, आणि मुंग्या अंडी पळवत नाहीत ना, हेही पाहावे लागते. सोडण्याची वेळ ठरवण्यासाठी कामगंध सापळा उपयोगी पडतो. मादीच्या गंधाची नक्कल करणाऱ्या वडीकडे नर पतंग ओढले जाऊन त्यात अडकतात. सापळ्यात पतंग दिसू लागले, म्हणजे पानांवर अंडी पडण्याची वेळ जवळ आली आहे, असे शेतकऱ्याने समजावे. उसात पाचटाचे आच्छादन आणि वेळेवर केलेली बाळबांधणी यांची जोड दिल्यास खोडकिडीचा जोर आणखी कमी होतो.

ट्रायकोकार्ड सर्व अळ्यांवर सारखे चालत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. हरभऱ्याच्या पानांवरील आंब स्रावामुळे आणि तुरीच्या कळ्या-शेंगांवरील चिकट लवीमुळे ट्रायकोग्रामाला तेथे वावरता येत नाही, त्यामुळे या दोन्ही पिकांतील घाटेअळीवर त्याचा प्रभाव अत्यल्प पडतो. तेथे एचएएनपीव्ही हा विषाणू उपयोगी ठरतो. तो फक्त घाटेअळीलाच रोगग्रस्त करतो, आणि मेलेली अळी झाडाच्या शेंड्याला उलटी लटकलेली दिसते. त्याची हेक्टरी मात्रा २५० एलई इतकी सांगितली जाते. एक एलई म्हणजे पूर्ण वाढलेल्या एका रोगग्रस्त अळीतून मिळणाऱ्या विषाणूंइतकी मात्रा. त्याच्या जोडीला पाच टक्के निंबोळी अर्क आणि पक्ष्यांना बसण्यासाठी रोवलेले पक्षीथांबे असतात. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम नोंदली गेली. तिची अंडी थरांवर थर अशा पुंजक्यांत असून वरून लोकरीसारख्या खवल्यांनी झाकलेली असतात, त्यामुळे खालच्या थरातील अंड्यांपर्यंत ट्रायकोग्रामा सहजी पोहोचत नाही. अशा ठिकाणी कार्ड हा एकमेव उपाय न राहता इतर उपायांच्या रांगेत उभा राहतो.

रासायनिक फवारणीशी या कार्डाचे मुळातच वैर आहे. बहुतेक कीटकनाशके पतंगाच्या अंड्यापेक्षा ट्रायकोग्रामाला अधिक लवकर मारतात, म्हणून कार्ड लावण्याच्या आगेमागे काही दिवस फवारणी थांबवावी लागते. बंगळुरूच्या संशोधकांनी एन्डोसल्फान सहन करणारा ट्रायकोग्रामाचा वाण विकसित केला होता. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कीटकनाशकावरच बंदी घातली. फवारणीची खरी किंमत महाराष्ट्राने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पाहिली, जेव्हा कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाचे मोठे नुकसान केले. ज्या उपायात फवारणाऱ्याच्या जिवाला धोका नाही, तो उपाय मर्यादित असला तरी जपण्याजोगा आहे.

हा उपाय एकट्या शेतकऱ्याच्या हाती पूर्णपणे नाही. दोन एकरांच्या बांधापलीकडे शेजारी विषारी फवारणी करत असेल, तर अलीकडे सोडलेले मित्रकीटक टिकत नाहीत. कार्ड मागवून हाती पडेपर्यंत चार-पाच दिवस गेले, तर कीटक वाटेतच पाकिटात निघून मरतात. या दोन्ही अडचणींवर तोडगा सामुदायिक आहे. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा साखर संस्था आणि काही साखर कारखाने आपल्या सभासदांसाठी कार्डे तयार करतात, आणि उसाच्या पट्ट्यात या पद्धतीने मूळ धरले त्याचे एक कारण हेच आहे : तेथे प्रयोगशाळा आणि फड यांच्यामध्ये एक संस्था उभी आहे. कापूस, मका व भाजीपाला पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याला असा आधार क्वचितच मिळतो. भरडलेले धान्य, पेट्या, जाळी, अतिनील दिवा आणि शीतकपाट एवढ्या सामग्रीवर चालणारा हा उद्योग तालुक्याच्या गावी, शेतकरी गटांना किंवा महिला बचत गटांना प्रशिक्षणानंतर चालवता येण्यासारखा आहे. मात्र कार्डावर कीटक निघण्याची तारीख छापलेली असावी आणि ती तारीख पाळली जावी, हा आग्रह सोडता कामा नये. ज्ञान उपलब्ध आहे, कीटकही उपलब्ध आहे. त्याला अंडी फुटण्याआधी शेतात पोहोचवणारी व्यवस्था गावोगाव उभी करणे, हे कृषी विस्ताराचे आजचे काम आहे.