देव ईशान्येला, पण जागा कुठे?

सेलू तालुक्यातल्या एका गावात घरकुलाचा जोता भरून तयार होता. सळाखी उभ्या, विटांचा ढीग बाजूला आणि ग्रामसेवक मोबाईल काढून फोटो घ्यायच्या बेतात. एवढ्यात घरमालक म्हणाला, "थांबा जी साहेब, आमाले थोडं इचारा लागते."

काय विचारायचे? तर देव कुठे बसवायचे ते. मेहुणा नागपूरला राहतो. त्याने फोनवर सांगितले, की दार दक्षिणेला आणि ईशान्येच्या कोपऱ्यात संडास, म्हणजे हे घर लाभायचे नाही. जोता फोडा, दार फिरवा. आता दार फिरवायचे तरी कुठे? घरापुढे रस्ता एकच, आणि तो दक्षिणेलाच. बाकी तिन्ही बाजूंनी भावकीच्या भिंती. जोत्याचा फोटो गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही, आणि मेहुण्याचा शब्द मोडवत नाही. पाऊस तोंडावर आलेला.

असे प्रसंग गावोगावच्या ग्रामसेवकांना नवे नाहीत. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहावेसे वाटले. देवाधर्माची टिंगल करायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण शास्त्र काय सांगते, कुळाचार काय सांगतो आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर काय छापून येते, या तीन गोष्टींची आपल्याकडे पार खिचडी झाली आहे.

मूळ कल्पना अशी. प्रत्येक जमिनीवर वास्तुपुरुष पालथा पडलेला आहे, त्याचे डोके ईशान्येला आणि पाय नैर्ऋत्येला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचे प्रकरण आहे. त्यात 81 आणि 64 घरांचे आराखडे दिले आहेत, कोणत्या घरात कोणती देवता ते सांगितले आहे. आठ दिशांना आठ स्वामी: पूर्वेला इंद्र, आग्नेयेला अग्नी, दक्षिणेला यम, नैर्ऋत्येला निर्ऋती, पश्चिमेला वरुण, वायव्येला वायू, उत्तरेला कुबेर आणि ईशान्येला ईशान म्हणजे महादेव. ज्योतिषांनी त्यावर ग्रहही बसवले. ईशान्य गुरूची, आग्नेय शुक्राची, दक्षिण मंगळाची, पश्चिम शनीची. गुरू हा देवधर्माचा आणि ज्ञानाचा कारक, म्हणून देवघर त्याच्या कोपऱ्यात. कुंडलीत चौथे स्थान घराचे आणि शेतीवाडीचे. ते बिघडले की ज्योतिषी आधी देव्हारा कुठे आहे ते विचारतो.

यात जुन्या माणसांचा अनुभव नव्हता असे नाही. आपल्याकडे दुपारचे ऊन आणि पावसाची झड दोन्ही पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतात. मातीच्या घरात ती भिंत जाड ठेवायची, तिकडे जड सामान लावायचे, सकाळचे कोवळे ऊन येते त्या बाजूला देव आणि पाणी ठेवायचे, ही शहाणपणाचीच गोष्ट होती. पण एक लक्षात घ्या. सूर्य ठेट पूर्वेला उगवतो तो 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास. आपल्या वर्धा जिल्ह्यातून पाहिले तर जूनअखेर तो पूर्वेपासून सुमारे 25 अंश ईशान्येकडे सरकतो आणि डिसेंबरअखेर तेवढाच आग्नेयेकडे. ठेट ईशान्येला, म्हणजे 45 अंशांवर, तो कधीच उगवत नाही. होकायंत्र घेऊन देव्हारा दोन बोटे इकडेतिकडे सरकवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय सळाखी आणि टिनाच्या पत्र्याजवळ ते होकायंत्रही सरळ चालत नाही. मोबाईलमधले तर मुळीच नाही.

खरा प्रश्न जागेचा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र 2016 पासून 25 चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण 269 चौरस फूट, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा. आधीच्या इंदिरा आवास योजनेत ते 20 चौरस मीटरच होते. वास्तूचे आराखडे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे राजवाडे, चौसोपी वाडे, अंगण, विहीर होती. दीड खोलीच्या घरात 81 देवता बसवायच्या कशा? एवढ्याशा घरात ईशान्य कोपरा सापडला तरी तिथे आधीच धान्याच्या कोठ्या, शिलाई मशीन नाहीतर पोरीचे अभ्यासाचे टेबल असते.

गंमत अशी, की घरच्या देवाला जागा फार लागतच नाही. घरात पुजायच्या मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंतच असाव्यात, त्याहून मोठ्या नकोत, असे मत्स्यपुराणातच सांगितले आहे. आपल्या जुन्या घरांत देव असायचे ते भिंतीतल्या कोनाड्यात, ज्याला देवळी म्हणतात. (देवळी तालुक्याच्या मंडळींनी रागावू नये.) त्यात अन्नपूर्णा, बाळकृष्ण, महादेवाची पिंड आणि कुळदैवताचे चांदीचे नाहीतर पितळेचे टाक. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला चिकटवला की झाले. माहूरची रेणुका असो की तुळजापूरची भवानी, वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत ती दोन बोटांच्या टाकातच नांदली. संगमरवरी मंदिरे आणि आत वीज लावलेले लाकडी देव्हारे घरोघर आले ते बरेच नंतर.

हे टाक घेऊन कॅलेंडरवाल्या शास्त्राची मोठी अडचण होते. ते सांगते, मेलेल्या माणसांची आठवण देव्हाऱ्यात ठेवू नये, पितरांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीला लावावेत. आणि आपल्याकडे अनेक घरांत पितरांचे, वीराचे टाक देवांच्या रांगेत पिढ्यान् पिढ्या बसलेले. कोणाचे ऐकायचे? धर्मशास्त्रकारांनी देशाचार आणि कुळाचार मोठा मानला आहे. म्हणजे आजीची रीत ही बाहेरच्या सल्लागाराच्या रीतीपेक्षा वरचढ. एका म्हातारीने हेच आपल्या शब्दांत ऐकवले: "आमचे देव माह्या सासूच्या सासूपासून चुलीमांगं हायेत. त्यायचं तोंड कोनीकडं हाय, हे आमी कधी पायलंच नाही. देव कायले कोपते जी?"

बाकीचे नियमही लोकांच्या तोंडी असतात. दोन पिंडी नकोत, दोन शंख नकोत, तीन गणपती नकोत, भंगलेली मूर्ती विसर्जित करावी. हे पाळायला पैसा लागत नाही, ज्याला पाळायचे त्याने पाळावे. विटाळाचा नियम मात्र दीड खोलीत जाचक होतो. मोठ्या वाड्यात बाई चार दिवस बाहेरच्या पडवीत बसायची. घरकुलात ती कुठे बसेल? देवापुढे कापडी पडदा ओढून बऱ्याच घरांनी यावर तोड काढली आहे. कापसाची वेचणी, निंदण, स्वयंपाक हे सगळे त्याच चार दिवसांत तिला चुकत नाही, तेवढा देव तेवढा चुकतो.

भावांच्या वाटणीत तर देव्हारा हा शेताइतकाच नाजूक विषय. शेताची वाटणी तलाठ्याकडे होते, देवांची वाटणी करणारा तलाठी नाही. टाक थोरल्याकडे राहावेत की म्हातारी ज्याच्याकडे जेवते त्याच्याकडे? भाद्रपदातल्या महालक्ष्म्या कोणाच्या घरी उभ्या राहणार? बोलाचाली बंद असलेले भाऊ त्या तीन दिवसांसाठी एका पंगतीला बसतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आणि याच कारणावरून बोलाचाली बंद झालेलेही पाहिले आहेत. त्यात कोणी ज्योतिषी सांगून गेला, की धाकट्याच्या घरी देव चुकीच्या दिशेला आहेत म्हणून थोरल्याचे पीक बुडते, तर मग संपलेच. सोयाबीन पिवळे पडले ते पिवळ्या मोझॅकने की भावाच्या देव्हाऱ्याने, एवढे तरी कृषी सहायकाला विचारून घ्यावे.

देव आणि दिशा यांचा विचार आपल्या जिल्ह्यात मोठ्या माणसांनीही करून ठेवला आहे. गांधीजी 1936 साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथली प्रार्थना उघड्या मैदानात होई, समोर मूर्ती नाही. विनोबा 1938 मध्ये पवनारला आले. तिथे जमीन खणताना भरत-राम भेटीचे शिल्प निघाले, आणि ज्या माणसाला मूर्तीवाचून काही अडत नव्हते त्याने ते आदराने आश्रमात बसवले. जिथे सापडले ते गाव त्याचे, एवढाच हिशेब. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याने बांधलेले. जमनालालजींनी 1928 साली ते दलितांना खुले केले, तेव्हा घराण्याचा देव सगळ्या गावाचा झाला. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेतही समोर असते ती नुसती गादी. आणि 1956 च्या दीक्षेनंतर कितीतरी घरांनी जुने देव पाण्यात सोडले. पण भिंतीतला तो कोनाडा बुजवला नाही, तिथे बुद्ध आणि बाबासाहेब आले.

आता कायद्याचे. 2013 साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणी वास्तू सांगतो म्हणून त्याच्यावर या कायद्याखाली तक्रार करता येईल का, असे सरपंच मंडळी विचारतात. त्या कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे, की वास्तुशास्त्राचा आणि ज्योतिषाचा सल्ला, तसेच घरातली पूजाअर्चा यांना तो लागू नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, जिवाला धोका होईल असे अघोरी उपाय हा त्याचा विषय. म्हणजे वास्तूच्या सल्ल्यापुढे आपले डोके आपणच वापरायचे आहे, तिथे पोलीस येणार नाहीत. ग्रामसेवकांना मात्र एक करता येईल. घरकुल मंजूर झाल्यावर जोत्याची आखणी करतानाच घरातल्या बायांना आणि म्हाताऱ्यांना बोलवा, देव कुठे, चूल कुठे, संडास कुठे हे दोरी धरून ठरवा. जोता भरल्यावर सुचलेला कोपरा महागात जातो. संडास देवाच्या भिंतीला लागून नको, हे म्हणणेही हसण्यावारी नेऊ नका. मातीची नाहीतर कच्च्या विटांची भिंत संडासाच्या पाण्याने ओली होते, ते कारणच पुरेसे आहे.

एका गोष्टीकडे मात्र कुठलाच वास्तुवाला बघत नाही. आपल्याकडे भाव यायची वाट बघत कापूस घरातच भरून ठेवतात, कधी आढ्यापर्यंत. आणि भरतात तो बहुधा देवाच्या खोलीत, कारण ती सगळ्यांत आतली, कोरडी आणि चोराच्या हाताला न लागणारी. सीतादही करून पहिली वेचणी होते ती दसऱ्याच्या आगेमागे. म्हणजे घटापुढचा नऊ दिवसांचा दिवा आणि कापसाचे पहिले गाठोडे एका खोलीत येतात. पुढे दिवाळीच्या पणत्या, रोजची सांजवात, उदबत्ती. उंदराने वात ओढली, वाऱ्याने ठिणगी उडाली, की कापूस वरून पेटतो आणि पाणी मारल्यावरही आत धुमसत राहतो. वर्षाची कमाई तर जातेच, त्या खोलीत झोपलेली पोरे असली तर बोलायलाच नको. दिशा कुठलीही असो, कापूस असेपर्यंत उघडा दिवा त्या खोलीत नको. काचेच्या चिमणीत ठेवा, खाली पाण्याची परात ठेवा, नाहीतर देवच हलवा.

वर जिचे बोलणे दिले त्या म्हातारीच्या घरी हीच रीत आहे. वेचणी सुरू झाली की ती देव पाटासकट उचलते आणि स्वयंपाकाच्या फळीवर, डब्यांच्या शेजारी ठेवते. दिवा तिथेच लागतो. सून म्हणाली, फळी तर दक्षिणेच्या भिंतीला आहे. म्हातारीने डब्यावरची राख फडक्याने पुसली आणि म्हणाली, "कापूस इकला का मंग आनतो खाली."