सैन्याची उतरंड

अमेरिकेंतील यादवी युद्ध (१८६१–६५) मुंबईच्या इतिहासांत कापसामुळें लक्षांत राहिलें आहे. दक्षिणेकडील संस्थानांतून विलायतेस जाणारा कापूस अडला, आपल्याकडील कापसास अपूर्व भाव आला, आणि युद्ध संपतांच १८६५ सालीं तो भाव कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ज्या सैन्यांनीं हें युद्ध चार वर्षें चालविलें, त्यांची रचना कशी होती हा विषयही तितकाच मनोवेधक आहे. कारण अनेक माणसांनीं एका विचारानें कसें वागावें, हा प्रश्न केवळ रणांगणापुरता नाहीं.

युद्ध सुरू झालें तेव्हां संयुक्त संस्थानांचें खडें सैन्य अवघें सोळा हजारांच्या आसपास होतें. लवकरच दोन्ही बाजूंस शेतकरी, कारकून, विद्यार्थी, सुतार, लोहार अशीं लक्षावधि माणसें बंदूक घेऊन उभीं राहिलीं. ह्या गर्दीस सैन्याचें रूप आलें तें उतरंडीसारख्या एका रचनेमुळें.

उतरंडीच्या तळाशीं असे कंपनी. तिच्यांत नियमाप्रमाणें सुमारे शंभर शिपाई, वर एक कॅप्टन व त्याचे दोन लेफ्टनंट. अशा दहा कंपन्यांची एक पलटण होई व तिचा अधिपति कर्नल असे. पलटणी उभारण्याचें काम त्या त्या संस्थानाचा गव्हर्नर करी. म्हणून त्यांचीं नांवेंही 'विसावी मेन', 'पहिली मिनेसोटा' अशीं पडत. एक कंपनी बहुधा एकाच गांवची किंवा तालुक्याची असे. भाऊ भाऊ, मामा भाचे, वर्गबंधु एकाच रांगेंत उभे राहात. आपले अंमलदार शिपायांनींच मतें देऊन निवडावे, असाही प्रघात आरंभीं पुष्कळ ठिकाणीं होता. ह्या व्यवस्थेंत मोठें बळ होतें. पळून जाणारास आपली अपकीर्ति आपल्या आधीं घरीं पोहोंचेल याची धास्ती असे. पण तिची किंमतही जबर होती. एका दुपारच्या मारगिरींत एखाद्या गांवचे निम्मे तरुण नाहींसे होत, आणि एकाच गल्लींतील चार घरीं एकदमच दुःखाचा कागद येई. उत्तरेकडील संस्थानें जुन्या पलटणी भरून काढण्याऐवजीं बहुधा नव्याच उभारीत; त्यामुळें हजारांची पलटण दोन वर्षांत तीन-चारशेंवर येई.

तीन ते सहा पलटणींची एक ब्रिगेड, दोन-तीन वा अधिक ब्रिगेडींची डिव्हिजन, दोन-तीन डिव्हिजनींचा कोअर, आणि अनेक कोअर मिळून सैन्य. ब्रिगेडवर ब्रिगेडियर जनरल असावा असा नियम. प्रत्यक्षांत अनेकदां एखादा कर्नलच ती चालवी. उत्तरेकडील सैन्यांस बहुधा नद्यांचीं नांवें असत, जसें पोटोमॅकचें सैन्य. दक्षिणेकडे प्रांतांचीं, जसें उत्तर व्हर्जिनियाचें सैन्य. १८६३ सालीं सेनापति हूकर यानें पोटोमॅकच्या सैन्यांत प्रत्येक कोअरास निराळें चिन्ह ठरवून दिलें: कोणास वर्तुळ, कोणास चंद्रकोर, कोणास तारा. डिव्हिजनीप्रमाणें त्याचा रंग तांबडा, पांढरा वा निळा असे. धुरांत चुकलेल्या शिपायास टोपीवरील चिन्ह पाहून आपलीं माणसें ओळखतां येत.

ह्या रचनेची खरी कसोटी १ ते ३ जुलै १८६३ ह्या तीन दिवसांत, पेन्सिल्व्हेनियांतील गेटिसबर्ग येथें लागली. उत्तरेकडे पायदळाचे सात कोअर होते; सेनापति मीड यास अधिकार हातीं घेऊन तीनच दिवस झाले होते. दक्षिणेकडे सेनापति ली याचे तीन कोअर. पहिल्याच सकाळीं उत्तरेकडील रेनॉल्ड्स हा नामांकित जनरल गोळी लागून ठार झाला. त्याच्या कोअराचीं सूत्रें हाताखालच्या डबलडेनें सांभाळलीं, आणि मीडनें सर्व व्यवस्था पाहण्यास हॅन्कॉक यास पुढें धाडलें. तेथें असलेला हॉवर्ड दर्जानें ज्येष्ठ होता. तथापि अशा घटकेस मीडनें ज्येष्ठतेपेक्षां माणसाची पारख अधिक मानली.

लीच्या बाजूस निराळें घडलें. त्याचा उजवा हात जो जॅक्सन, तो मे महिन्यांत मरण पावला होता. त्यामुळें लीनें दोन कोअरांचे तीन केले, व त्यांपैकीं दोघे नायक त्या पदास नवे होते. त्यांतील ईवेल यास लीनें पहिल्या दिवशीं निरोप पाठविला कीं, साधण्याजोगें असल्यास समोरची टेकडी घ्यावी. ईवेलला तें साधेलसें वाटलें नाहीं, आणि टेकडी शत्रूकडेच राहिली. हुकुमाची भाषा ऐकणाराच्या स्वभावास जुळावी लागते, ती अशी.

दुसऱ्या दिवशीं उत्तरेकडील दोन अंमलदारांनीं स्वतःच्या जबाबदारीवर पाऊल टाकलें. तिसऱ्या कोअराचा नायक सिकल्स यास नेमून दिलेली जागा पसंत पडली नाहीं. त्यानें परवानगीवांचून सारा कोअर अर्ध्या मैलाहून अधिक पुढें नेला. ओळीस खिंडार पडलें, डाव्या टोकाची 'लिटल राउंड टॉप' ही टेकडी उघडी राहिली. मृत, जखमी व बेपत्ता मिळून त्या कोअराचीं चार हजारांहून अधिक माणसें गेलीं. सिकल्सनेंही एक पाय गमावला.

टेकडी रिकामी आहे, हें मीडचा मुख्य इंजिनियर वॉरेन याच्या ध्यानीं आलें व त्यानें मदतीसाठीं निरोप धाडला. पांचव्या कोअरांतील डिव्हिजनच्या नायकास शोधीत निघालेला स्वार वाटेंत ब्रिगेडचा नायक कर्नल व्हिन्सेंट यास भेटला. व्हिन्सेंट पेशानें वकील, वय सव्वीस. त्यानें निरोप विचारून घेतला, वरिष्ठाची वाट न पाहतां जबाबदारी आपल्या शिरावर घेतली व आपल्या चारही पलटणी टेकडीवर चढविल्या. अगदीं डावीकडे होती विसावी मेन. तिचा कर्नल चेंबरलेन हा महाविद्यालयांतील प्राध्यापक, आणि माणसें चारशेंहून कमी. दारूगोळा सरत आला तेव्हां त्यांनीं संगिनी लावून उतारावरून चाल केली. तिकडे व्हिन्सेंट घायाळ होऊन पडला. कर्नल राईसनें लागलीच ब्रिगेड हातीं घेतली. टेकडी हातची गेली नाहीं. व्हिन्सेंटला ३ जुलैच्या तारखेनें ब्रिगेडियर जनरलचें पद मिळालें, आणि ७ जुलैस तो वारला.

हुकुमाची वाट दोघांनींही पाहिली नाहीं. मग एकाच्या पदरीं दोष व दुसऱ्याच्या पदरीं यश कां? सिकल्सनें सेनापतीचा बेत दूर सारून तेथें आपला ठेवला. व्हिन्सेंटनें सेनापतीचा बेत ओळखून त्याची वाट जवळ केली. उतरंड रचावयाची ती वरच्याचा हेतु तळापर्यंत पोहोंचावा म्हणून. एकत्र कुटुंबांत नांदणारास हें नवें वाटणार नाहीं. वडील माणूस घरीं नसतां कोणी काय करावें, हें त्या घटकेस शिकवितां येत नाहीं. तें घरांत आधींच मुरलेलें असावें लागतें.